जुनी पिकअप ठेवावी कीं नवी जोरदार घ्यावी ?

सोलापूर जिल्ह्यांतील बागाईतदारांच्या वस्तीवर ट्रॅक्टराशेजारीं पिकअप गाडी उभी असणें हें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. डाळिंबाचे क्रेट, कांद्याच्या पिशव्या, खताचीं पोतीं, कडब्याच्या पेंढ्या, इतकेंच नव्हे तर लग्नाचीं भांडीं व मंडपाचें साहित्यहि याच गाडीनें हलतें. ज्यांनीं सात-आठ वर्षांपूर्वीं तेरा क्विंटल भाराची गाडी घेतली, त्यांच्यापुढें सांप्रत एक प्रश्न आहे. बाजारांत अधिक अश्वशक्तीच्या व वीस क्विंटल भार वाहणाऱ्या गाड्या आल्या आहेत. विक्रेते जुनी गाडी मोबदल्यांत घेण्यास तयार आहेत. शेजाऱ्यानें घेऊन पेढे वांटले आहेत. आणि घरांतील तरुण मुलगा रोज विषय काढीत आहे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत जमाबंदीचे आंकडे जुळविण्यांत गेलें. यंत्राचें ज्ञान त्यास मेस्त्र्याइतकें नाहीं. तथापि हा प्रश्न मुख्यत्वेंकरून जमाखर्चाचा आहे असें त्याचें मत असल्यामुळें चार शब्द लिहिण्याचें धाडस केलें आहे.

प्रथम शक्तीचा विचार करूं. टाटांची एस ही लहान गाडी २००५ सालीं निघाली. तिच्या दोन नळकांड्यांच्या इंजिनास अवघी १६ अश्वशक्ति होती व ती ७५० किलो माल नेई. लोकांनीं तिला ' छोटा हत्ती ' म्हटलें तें उगीच नव्हे. पुढें सप्टेंबर २०२२ मध्यें टाटांचीच योद्धा २.० ही गाडी २००० किलो भाराची व १०० अश्वशक्तीची अशी आली. आणि एप्रिल २०२३ मध्यें महिंद्रांची बोलेरो मॅक्स पिकअप एचडी २.० ही तितक्याच भाराची, परंतु ८० अश्वशक्तीची अशी आली. आतां भागाकार करून पाहावा. छोट्या हत्तीस दर टन मालामागें सुमारें २१ अश्वशक्ति मिळत होती. महिंद्रांच्या या गाडीस ४० मिळते. योद्ध्यास ५० मिळते. माल मात्र या दोन्ही नव्या गाड्या सारखाच नेतात. यावरून उघड होतें कीं, गाडीनें भार किती वाहावा हें इंजिनाच्या शक्तीवर ठरत नाहीं. तें सांगाडा, आंस, पाटे, टायर व ब्रेक यांच्या बळकटीवर ठरतें. तो भार किती वेगानें व किती चढावर न्यावयाचा, एवढ्यापुरताच शक्तीचा प्रश्न येतो.

मग आपल्याकडे चढ आहे कोठें ? पुण्याकडे, हैदराबादेकडे वा विजयपूरकडे, कोणत्याहि हमरस्त्यानें निघालें तरी आपला मुलूख बहुतेक माळाचा व सपाट. येडशीकडे बालाघाटाचा थोडा चढ लागतो, इतकेंच. वाशीच्या बाजारास माल नेणारे लोक बोरघाटाचें नांव पुढें करतात. पण सोलापूरहून वाशीस जातांना भरलेली गाडी बोरघाट उतरते, आणि परत येतांना रिकामी गाडी तो चढते ! भरल्या गाडीस घाट उतरतांना भरंवसा असतो तो ब्रेकांचा. छापील पत्रकांत अश्वशक्तीचा आंकडा ठळक असतो व ब्रेकांचा मजकूर खालीं बारीक अक्षरांत असतो. वाचावयाचा तो खालचा.

दुसरें कारण चिखलाचें सांगण्यांत येतें. भीमेच्या व सीनेच्या कांठची काळी जमीन पावसाळ्यांत कशी होते हें येथील वाचकांस सांगावयास नको. जुनी गाडी पाणंदींत रुतते, सबब जास्त जोराची गाडी पाहिजे, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु साध्या पिकअपला पुढें ढकलतात तीं मागचीं चाकें. हौदा रिकामा असला म्हणजे त्या चाकांवर वजन नसतें व तीं जागच्या जागीं फिरूं लागतात. शक्ति वाढविली तर तीं अधिक जोरानें फिरतील व खड्डा आणखी खोल करतील. शेवटीं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागतो तो लागतोच. हा दोष रस्त्याचा आहे, आणि त्यावरील इलाज गाडीच्या दुकानांत मिळत नाहीं, तो तहसील कचेरींत मिळतो.

येथें थोडें विषयांतर केल्यास वाचक क्षमा करतील, कारण हा लेखकाच्या नोकरींतील नित्याचा भाग होता. वहिवाटीचा रस्ता कोणीं नांगरून, चर खणून वा कांटे घालून अडविला तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ याच्या कलम ५ प्रमाणें तहसीलदारापुढें दावा करतां येतो. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत तो केला पाहिजे. ' पुढच्या वर्षीं पाहूं ' म्हणून जे घरीं बसतात, त्यांचा दावा मुदतींत नाहीं म्हणून परत जातो. ज्याच्या शेतास मुळीं रस्ताच नाहीं, त्यानें महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ खालीं दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता मागावा. बांधावरचे जुने रस्ते बैलगाडीच्या मापाचे. त्यांवरून ट्रॅक्टर वा पिकअप कशीबशी जाते. म्हणून मे २०२५ मध्यें शासनानें असा शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंदीचा असावा व त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी असा निर्णय केला. मोहोळ तालुक्यांतील एका गांवचें प्रकरण स्मरणांत आहे. नऊ खातेदारांची एक पाणंद दोघांनीं दोन्ही बाजूंनीं कोरून इतकी अरुंद केली होती कीं, मधोमध डबकें सांचत असे. मोजणी झाली, अतिक्रमण निघालें, नवांनीं वर्गणी काढून मुरूम पसरला. ज्या गृहस्थानें चिखलासाठीं म्हणून नव्या गाडीची नोंदणी करावयाचें मनांत आणलें होतें, त्याची जुनी गाडी भर श्रावणांत कांद्याचें रोप घेऊन शेतांत गेली. नऊ जणांची सारी वर्गणी त्या गाडीच्या चार हप्त्यांइतकीहि भरली नसेल.

आतां आंकड्यांकडे वळूं. खालील रकमा मानलेल्या आहेत. प्रत्येकानें त्या जागीं आपल्या घालाव्या. समजा, एका बागाईतदाराचा कांदा तीन एकर व डाळिंब चार एकर आहे. कांदा २७ टन व डाळिंब २० टन निघालें. बाजार ६० किलोमीटरवर आहे. १३०० किलोच्या जुन्या गाडीस कांद्याच्या २१ खेपा होतील, २००० किलोच्या नव्या गाडीस १४. डाळिंबाचे वीस-वीस किलोचे १००० क्रेट झाले. रिकाम्या क्रेटाचें दोन किलो धरून प्रत्येकाचें वजन २२ किलो. जुन्या गाडींत ५९ क्रेट बसतील व १७ खेपा होतील. नव्या गाडींत ९० बसतील व १२ खेपा होतील. एकूण जुन्या गाडीच्या ३८ व नव्या गाडीच्या २६. वांचल्या त्या १२ खेपा. जाऊन-येऊन १२० किलोमीटरचें डिझेल, टोल, चालकाचा रोज व चहापाणी मिळून खेपेस १५०० रुपये धरले, तर वर्षास १८,००० रुपये वांचले.

दुसऱ्या बाजूस, नवी गाडी दारांत येईपर्यंत १०,५०,००० रुपये लागले व जुनीचे ३,५०,००० आले असें धरूं. राहिलेले ७,००,००० दरसाल दरशेंकडा १० व्याजानें पांच वर्षांच्या मुदतीनें काढले, तर मासिक हप्ता सुमारें १४,८७० रुपये येतो. म्हणजे वर्षास १,७८,००० हून अधिक. ही सारी रक्कम तोटा म्हणून धरणें न्यायाचें होणार नाहीं, कारण पांच वर्षांनंतर गाडी आपल्या हातीं राहते. तेव्हां नीट फोड करूं. पांच वर्षांचें व्याज सुमारें १,९२,०००, वर्षास ३८,०००. नवी गाडी पांच वर्षांनीं ५,५०,००० ला गेली तर घट ५,००,०००. जुनी ठेवली असती तर ती ३,५०,००० वरून १,५०,००० वर आली असती, घट २,००,०००. म्हणजे नवीची जादा घट ३,००,०००, वर्षास ६०,०००. व्याज व जादा घट मिळून ९८,०००. यांतून जुन्या गाडीच्या दुरुस्तीस लागणारे ४०,००० वजा करूं. नव्या गाडीसहि दुरुस्ती चुकत नाहीं, पण नव्याच्या बाजूनें तेवढी सवलत देऊं. राहिले ५८,०००. खेपांत वांचलेले १८,००० वजा जातां वर्षास ४०,००० रुपये खोट.

शिवाय डाळिंबाचे व्यापारी बागेवरच सौदा करून स्वतःच्या गाड्या लावतात, ही गोष्ट सांगोला-पंढरपूरकडील वाचक जाणतातच. ज्याचा माल असा बागेवरूनच उचलला जातो, त्याच्या डाळिंबाच्या सतरा खेपा वहींतून नाहींशा होतात, आणि नव्या गाडीनें वांचतात त्या फक्त कांद्याच्या सात. त्याची खोट ४७,५०० वर जाते. दूरच्या बाजाराचें तर पिकअप हें साधनच नव्हे. २८ डिसेंबर २०२० रोजीं शंभरावी किसान रेल सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली, तेव्हां फळांच्या भाड्यांत निम्मी सूट मिळत होती. त्या वेळीं शेतकऱ्याच्या गाडीचें काम स्टेशनापर्यंतच होतें.

हप्त्याचा दुसरा गुण असा कीं, तो भाव पाहत नाहीं. फेब्रुवारी २०२३ मध्यें बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें सोलापूरच्या बाजारांत ५१२ किलो कांदा विकला. भाव किलोस एक रुपया. गाडीभाडें, हमाली व तोलाई वजा जातां त्याच्या हातीं दोन रुपयांचा धनादेश पडला. त्याच वर्षीं डिसेंबरांत, म्हणजे सोलापुरांत कांद्याची आवक ऐन भरांत असतांना, निर्यातबंदी आली व ती मे २०२४ पर्यंत टिकली. डाळिंबास तेल्या लागला म्हणजे काय होतें तें निराळें सांगणें नलगे. पीक बुडालें तर पैसेवारी कमी लागून महसुलांत सूट मिळण्याची तरी आशा असते. गाडीच्या हप्त्यास पैसेवारी नाहीं. ट्रॅक्टराच्या कर्जास सहामाही वा वार्षिक हप्ता पुष्कळदां मिळतो. मालवाहू गाडीचा हप्ता बहुधा मासिक असतो, आणि बहार मृगाचा असो, हस्ताचा असो कीं आंब्याचा, पैसा येतो तो वर्षांतून दोन-तीन महिन्यांतच.

यावर तरुण मंडळींचें उत्तर तयार असतें : ' मोकळ्या वेळांत भाडें मारूं. ' उत्तर चुकीचें नाहीं. खेपेमागें निव्वळ १५०० रुपये सुटले तर ४०,००० ची खोट २७ भाड्यांत भरून निघते. पण मग घेतला जाणारा निर्णय शेतीचा न राहतां भाड्याच्या धंद्याचा होतो, व त्याचा विचारहि तसाच केला पाहिजे. ज्या आठवड्यांत आपला कांदा काटणीस येतो त्याच आठवड्यांत शेजाऱ्याचाहि येतो. तेव्हां भाड्याचे दिवस व घरच्या खेपांचे दिवस एकमेकांवर पडतात. भाडें बहुधा भाऊबंदांचें असतें आणि तें ' पट्टी आल्यावर देतों ' या बोलीवर राहतें. गाडी कोण चालविणार, पहाटे तीन वाजतां बाजाराच्या फाटकावर रांगेंत कोण बसणार, हें आधीं ठरवावें. घरांत असा माणूस असेल व त्यास शेतापेक्षां रस्त्याची आवड असेल, तर मोठी गाडी त्यास खुशाल द्यावी.

दुसरा एक वर्ग आहे व तो लहान नाहीं. तो म्हणतो, ' आम्ही तेरा क्विंटलच्या गाडींत आजहि वीस क्विंटल भरतों. आमच्या खेपा अगोदरच कमी आहेत. ' त्यांच्या बाबतींत वरील वहींतील वांचलेल्या खेपा शून्य होतात, हें खरें. पण माझ्या मतें मोठ्या गाडीची खरी गरज यांनाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्यें २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीप्रमाणें जादा भारास २०,००० रुपये दंड, शिवाय दर जादा टनास २,००० रुपये, आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्च निराळा. एका दंडांत तेरा खेपांचें डिझेल-टोल जातें. दंडाहून वाईट गोष्ट म्हणजे पाटे वाढविण्याची रीत. मेस्त्री मागें दोन पाटे अधिक घालून देतो. गाडी बसत नाहीं, म्हणून मालकास वाटतें कीं ती आतां वीस क्विंटलची झाली. ब्रेक मात्र तेराचेच असतात. टेंभुर्णीच्या किंवा मोहोळच्या चौकांत समोर अचानक उसाची बैलगाडी आली म्हणजे ते किती पुरतात याचा अनुभव कोणी घेऊं नये. ज्याचा माल नेहमीं वीस क्विंटल असतो त्यानें वीस क्विंटलचीच गाडी घ्यावी. वर्षास ४०,००० ची खोट आली तरी ती घ्यावी, किंवा खेपा तरी वाढवाव्या.

भार म्हणजे काय, याविषयींहि घोटाळा आहे. नोंदणी पुस्तकांत भरलेल्या गाडीचें वजन व रिकाम्या गाडीचें वजन असे दोन आंकडे असतात. त्यांची वजाबाकी म्हणजे नेतां येणारा भार. त्यांत चालक व शेजारीं बसणारेहि आले. नंतर गांवच्या वेल्डरकडून लोखंडी कठडे, उंच जाळी व जाड फाळका बसविला म्हणजे तितका भार आपण लोखंडांत खर्च केला. जुनी गाडी टांकी भरून, चालकासह, एकदां वजनकाट्यावर रिकामी घालून पाहावी. कित्येकांस आपली तेरा क्विंटलची गाडी साडेअकराचीच आहे असें आढळून येईल, आणि कठडे हलके केल्यानेंच निम्मा प्रश्न सुटेल.

मोठ्या हौद्याचा एक धोका विक्रेता सांगत नाहीं. हौदा मोठा झाला कीं त्यांत माणसें अधिक बसतात. खुरपणीच्या बायका, तोडणीचे मजूर, आषाढीस पंढरपुरास निघालेले गांवकरी, कोणास नको म्हणावयाचें ? परंतु मालवाहू गाडींतून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या नुकसानभरपाईस विमा कंपनी जबाबदार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालच्या डिसेंबरांत ठरविलें. मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा माणूस यास संरक्षण आहे, इतरांस नाहीं. अपघात झाला तर भरपाई गाडीच्या मालकावर येते. ती त्यानें दिली नाहीं तर कलम १७४ प्रमाणें न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवितें व रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होते. ही वसुली कशी होते हें लेखकानें कचेरींत बसून पाहिलें आहे. प्रथम नोटीस जाते, मग जप्ती, मग जमिनीचा लिलाव. ज्या सातबाऱ्याच्या जोरावर गाडी घेतली तोच सातबारा गाडीपायीं जातो. जुनी गाडी असो वा नवी, मजुरांस आणावयाचें तर प्रवासी गाडीच केली पाहिजे.

किरकोळ गोष्टींपैकीं, परवान्याची चिंता करूं नये. साडेसात टनांच्या आंतील मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवितां येते, असा निकाल ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं झालेला आहे. सक्तीच्या विम्यासहि साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्या एकाच गटांत मोडतात, म्हणून मोठ्या पिकअपला तो हप्ता जास्त पडत नाहीं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला व नव्या गाड्या स्वस्त झाल्या, हें खरें; पण नवी स्वस्त झाली म्हणजे जुनीचीहि किंमत उतरते, हें मोबदला ठरवितांना ध्यानांत येतें. योग्यतेचा दाखला गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनीं, नंतर दरसाल घ्यावा लागतो. जुनी ठेवणाऱ्यानें तो खर्च व ती खटपट धरावी. १ एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळींत सामान्यतः काजळी अडविणारी गाळणी असते. ती साफ होण्यास गाडी बराच वेळ सलग व गरम चालावी लागते. वस्तीवरून गांवांत व गांवांतून वस्तीवर अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्यास ती गाळणी त्रास देते, आणि तिची दुरुस्ती झाडाखालच्या मेस्त्र्याकडून होत नाहीं. ज्यांचें काम बहुतेक शिवारांतल्या शिवारांत आहे, त्यांनीं २०२० पूर्वींची धडधाकट गाडी सहसा सोडूं नये. इंजिन उतरवून नवें करण्याचा खर्चहि नव्या गाडीच्या एका वर्षाच्या हप्त्यांहून बहुधा कमीच येतो.

इतकें करूनहि ज्यांचा विचार नवी घेण्याचा ठरेल, त्यांनीं जुनी गाडी देतांना एक दक्षता घ्यावी. जमीन विकून फेरफार न करणारे लोक आपल्याकडे आहेत. गाडीच्या बाबतींत तर तें सर्रास चालतें. किल्ली दिली, पैसे घेतले, कोऱ्या कागदांवर सह्या केल्या, संपलें ! पण प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दप्तरीं नांव आपलेंच राहतें, आणि दप्तरीं ज्याचें नांव तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार मालक, असें सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें ठरविलें आहे. त्या खटल्यांतील गाडी एकामागून एक अशी कित्येक हातांतून गेली होती. जबाबदारी आली ती दप्तरीं नांव असलेल्या पहिल्या मालकावर. म्हणून नमुना २९ व ३० स्वतःच्या देखत भरून दाखल करवावे, त्याची पोंच घ्यावी, जुन्या कर्जाचा बोजा असल्यास नमुना ३५ नें तो कमी करवावा, आणि नवें नांव लागल्याचें आपल्या डोळ्यांनीं पाहिल्यावरच जुन्या गाडीची दुसरी किल्ली विक्रेत्याच्या हवालीं करावी.